सूचनापेटी (औद्योगिक)

सूचनापेटी : कारखान्यात किंवा मोठ्या कचेरीत राबणाऱ्या माणसाला आपल्या कामात काय सुधारता येईल ते वरच्यांना लेखी कळवता यावे आणि कळवलेल्याची दखल घेतली जावी, यासाठी केलेली व्यवस्था. नाव पेटीचे असले तरी पेटी हा तिचा सर्वांत कमी महत्त्वाचा भाग. चिठ्ठी वाचणारा अधिकारी, ती तपासणारी समिती, होकाराची किंवा नकाराची लेखी पोच आणि बक्षीस हे सारे मिळून ‘सूचना योजना’ होते. कारखान्यात हे नाव कोणी घेत नाही. तिथे ‘सजेशन टाकलं’ म्हणतात, आणि पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या पट्ट्यात ‘कायझेन भरलं’ असेही (‘कायझेन’ म्हणजे जपानीत सुधारणा).

एस.टी. स्थानकावरची तक्रारपेटी निराळी. तक्रार करणारा दाद मागतो. सूचना करणारा आपल्याजवळचे ज्ञान देऊ करतो. पण पेटीला हा भेद कळत नाही. नवी पेटी लावली की पहिल्या महिन्यात पंखा बंद असल्याच्या, कँटीनची आमटी पातळ असल्याच्या आणि बसचा थांबा लांब पडत असल्याच्या चिठ्ठ्याच जास्त निघतात. ‘या काही सूचना नव्हेत’ म्हणून त्या बाजूला सारणे ही योजना बुडवण्याची खात्रीची रीत आहे. पंखा सुरू झालेला पाहिल्यावरच माणूस मशीनबद्दल लिहायला बसतो. अमेरिकेतील कोडॅक कंपनीने १८९८ मध्ये योजना सुरू केली, तेव्हा पहिले बक्षीस गेले ते खिडक्या धुऊन काढाव्यात म्हणजे कामाच्या जागी उजेड येईल, असे सुचवणाऱ्या कामगाराला. रक्कम २ डॉलर. ती सूचना होती की तक्रार, हे ठरवत बसण्याचे कोडॅकला कारण पडले नाही.

पूर्वपीठिका : पेटीची कल्पना कारखान्यांहून जुनी आहे. जपानचा शोगुन, म्हणजे लष्करी शासक, तोकुगावा योशिमुने याने १७२१ मध्ये एडो (आजचे टोकियो) येथील न्यायकचेरीबाहेर ‘मेयासुबाको’ नावाची कुलूपबंद पेटी ठेवायला सुरुवात केली. महिन्याच्या २, ११ आणि २१ तारखेला ती बाहेर येई, सामान्य रयतेने तीत अर्ज टाकावेत आणि ती शोगुनने स्वतः उघडावी, अशी रीत होती. नाव-पत्ता नसलेला कागद विचारात घेतला जात नसे. एडोतील एका वैद्याने गरिबांसाठी दवाखाना काढण्याचे या पेटीतून सुचवले आणि १७२२ मध्ये कोइशिकावा येथे तो उभा राहिला. कागद पडल्यापासून दवाखान्याचे दार उघडेपर्यंतचा हा वेग आजच्या कितीतरी कंपन्यांना साधत नाही.

उद्योगात या व्यवस्थेची गरज पडली ती आकारामुळे. तीस माणसांच्या वर्कशॉपात मालक लेथशेजारी उभा असतो. कामगाराला काय वाटते ते त्याच्या कानावर आपोआप पडते. माणसे हजारांत गेली की मालक आणि लेथ यांच्यामध्ये फोरमन येतो, त्याच्यावर सुपरिंटेंडंट येतो, आणि खालची गोष्ट वर जाताना प्रत्येक पायरीवर थोडी थोडी गळत जाते. जर्मनीत आल्फ्रेड क्रुप याने एसेन येथील पोलाद कारखान्यासाठी १८७२ मध्ये नियमावली काढली. सुधारणेची सूचना कोणाकडूनही आली तरी ती आभारपूर्वक स्वीकारावी, असे तीत कलमच होते. स्कॉटलंडमधील डम्बार्टन येथे विल्यम डेनी यांच्या जहाजबांधणी कारखान्यात १८८० मध्ये कामगारांच्या कल्पनांना रोख बक्षीस देणारी रीतसर योजना सुरू झाली. आधुनिक सूचना योजनेचा आरंभ बहुधा इथूनच मोजतात. (‘कटी सार्क’ हे प्रसिद्ध शिडाचे जहाज मूळ बांधणाऱ्यांचे दिवाळे निघाल्यावर १८६९ मध्ये याच डेनींनी पुरे केले होते.) पुढे अमेरिकेतील डेटन येथील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीने १८९४ मध्ये हा मार्ग धरला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उत्पादन वाढवण्याच्या निकडीने अमेरिकेत अशा योजनांचे पेव फुटले आणि १९४२ मध्ये त्या चालवणाऱ्यांची राष्ट्रीय संघटनाही स्थापन झाली.

मुंबई आणि महाराष्ट्र : मुंबईच्या कापड गिरण्यांत पेटीचे काम एक माणूस करीत असे, आणि वाईट करीत असे. तो म्हणजे जॉबर, म्हणजेच मुकादम. भरती त्याच्या हाती, बदलीवाल्याला (गैरहजर माणसाच्या जागी येणाऱ्याला) काम देणे त्याच्या हाती, अडीनडीला कर्ज देणे त्याच्याच हाती. साहेबाचा हुकूम खाली आणणारा तोच आणि खात्यातली कुरबुर वर नेणाराही तोच. जिच्यामुळे त्याचे स्वतःचे महत्त्व घटेल अशी गोष्ट वर जाण्याचा प्रश्नच नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरवून सुमारे ५,५०० सह्यांचे निवेदन कारखाना आयोगापुढे ठेवले. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार वेळेवर, अशा त्यातल्या मागण्या होत्या. त्याकडे कामगार चळवळीचा आरंभ म्हणून पाहिले जाते आणि ते योग्यच आहे; पण मुकादमाला वळसा घालून गेलेला तो पहिला मोठा लेखी निरोपही होता. रविवारची सुट्टी मिळायला १८९० उजाडले.

जॉन हेन्री व्हिटली या ब्रिटिश राजकारण्याचे नाव या इतिहासात दोनदा येते. १९१७ मध्ये त्यांच्या समितीने ब्रिटनमधील मालक-कामगारांच्या संयुक्त मंडळांची शिफारस केली. १९२९ मध्ये नेमलेल्या भारतातील शाही कामगार आयोगाचेही तेच अध्यक्ष. १९३१ च्या अहवालात या आयोगाने जॉबर पद्धतीवर कडक टीका करून गिरण्यांनी लेबर ऑफिसर नेमावेत असे सुचवले. मुंबई प्रांताने १९३४ मध्ये कायदाच करून गिरणी कामगारांसाठी सरकारी लेबर ऑफिसर आणला. मुकादमाची जागा कागदाने आणि कचेरीने घ्यायला सुरुवात झाली ती अशी. ती जागा पूर्णपणे भरली मात्र कधीच नाही. मोठ्या गिरणी खात्यात बोलण्याचे खरे मार्ग युनियन आणि संप हेच राहिले, सूचनापेटी नव्हे.

उलट दिशेचा, म्हणजे वरून खाली बोलण्याचा, एक मराठी प्रयोग मात्र विलक्षण यशस्वी झाला. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे गृहपत्र काढले. कारखान्याची, नांगरांची आणि वाडीची बातमी देणारे ते पत्रक काही वर्षांतच साऱ्या महाराष्ट्राचे मासिक झाले. कंपनीचे गृहपत्र लोक विकत घेऊन वाचतात, असे भाग्य त्या जातीच्या प्रकाशनांना सहसा लाभत नाही.

भारतात सूचनापेटी रीतसर आली ती जमशेदपूरला. टाटा पोलाद कारखान्यात १९३२ मध्ये सूचना योजना सुरू झाली. देशातली ती पहिली मानली जाते. याच कारखान्यात १९५६ मध्ये कंपनी आणि टाटा वर्कर्स युनियन यांच्यात करार होऊन खात्यापासून कंपनीपर्यंत तीन पायऱ्यांची संयुक्त सल्लामंडळे उभी राहिली. पेटी आणि मंडळ शेजारी शेजारी नांदल्याने एक गोष्ट साधली : कोणत्या कागदाने कुठे जायचे हे ठरले. वेतन, बोनस, बढती मंडळाकडे. जिग, फिक्श्चर (काम पक्के धरून ठेवणारी साधने), भट्टी, वाया जाणारे तेल पेटीकडे. हे बांध घातलेले नसतील तर युनियन पेटीकडे संशयाने पाहते, आणि तो संशय अनाठायी नसतो.

टोयोटाची रीत : १९५० मध्ये एइजी टोयोडा आणि शोइची साइतो हे अमेरिकेत फोर्डचे कारखाने पाहायला गेले. तिथली सूचना योजना त्यांनी घरी आणली आणि १९५१ मध्ये टोयोटात ‘सर्जक कल्पना सूचना योजना’ सुरू झाली. पुढच्या चार दशकांत त्या योजनेत सुमारे २ कोटी सूचना जमा झाल्या. फरक कुठे पडला? पाश्चात्त्य योजना मोठ्या बचतीची शिकार करी : एखादीच सूचना, भरघोस बक्षीस, वर्षभर तपासणी. टोयोटात सूचना लहान असे, बक्षीस किरकोळ असे, आणि ती वाचणारा माणूस सूचना देणाऱ्याचा रोजचा सुपरवायझरच असे. तो कागद परत करीत नसे; बरोबर बसून तो सुधारून घेई. म्हणजे जो फोरमन डेनीच्या काळी अडथळा होता, त्यालाच योजनेचा धनी केले. मसाआकी इमाई यांनी १९८० च्या दशकात ‘कायझेन’ हा शब्द जगभर नेला आणि तो आपल्याकडे वाहन उद्योगाबरोबर आला.

आपल्याकडे त्याचे काय झाले हे शॉप फ्लोअरवरच्या फलकांवर पाहायला मिळते. डावीकडे ‘आधी’चा फोटो, उजवीकडे ‘नंतर’चा. पान्यांसाठी खिळ्यांचा फळा, तेलाच्या डब्याखाली तबक, वाकून उचलायचा सुटा भाग कमरेच्या उंचीवर. यातली कितीतरी कामे खरोखर पाठ वाचवणारी असतात. पण ‘माणशी महिन्याला दोन’ असा कोटा लागला की महिनाअखेरीस फलकावर जमिनीवर आखलेल्या पिवळ्या पट्ट्यांचा पाऊस पडतो : काल रंगवलेली पट्टी आज पुन्हा रंगवली, तीही सुधारणा. आकडा भरतो. कोट्यातून आलेली सूचना आणि मनातून आलेली सूचना फलकावर सारखीच दिसतात, ही या पद्धतीची मोठी अडचण आहे.

कार्यपद्धती : साधारण फॉर्ममध्ये सध्याची स्थिती, सुचवलेला बदल आणि अंदाजे लाभ असे तीन रकाने असतात. फॉर्मला क्रमांक पडतो, तो संबंधित खात्याकडे जातो, तिथून अभिप्रायासह समितीकडे येतो. पैशात मोजता येणाऱ्या लाभावर बहुधा पहिल्या वर्षीच्या बचतीचा ठरावीक हिस्सा देतात. सुरक्षितता किंवा सोय अशा न मोजता येणाऱ्या लाभाला गुण देऊन ठरीव रक्कम. सुधारणा करणे हेच ज्यांचे काम आहे अशा अभियंत्यांना योजनेतून वगळतात, निदान त्यांच्या स्वतःच्या खात्यापुरते.

मेख असते ती नकारात. मान्य झालेली सूचना स्वतःच बोलते. नामंजूर झालेली गप्प पडून राहते. ‘आपली सूचना व्यवहार्य नाही’ हे एका ओळीचे उत्तर म्हणजे न उत्तर देण्याचाच सभ्य प्रकार. का व्यवहार्य नाही, कोणी पाहिले, काय बदलले तर चालेल, हे सांगायला अर्धा तास लागतो आणि तो अर्धा तास कोणाच्याच कामाच्या यादीत धरलेला नसतो. एचसीएल टेक्नॉलॉजीज या सॉफ्टवेअर कंपनीत विनीत नायर यांनी २००५ नंतर जे प्रयोग केले त्यांतला एक या जागी बोट ठेवणारा होता. कर्मचाऱ्याने अडचण नोंदवली की तिचे तिकीट निघे आणि ते तिकीट बंद करण्याचा अधिकार उत्तर देणाऱ्याकडे नव्हे, तर नोंदवणाऱ्याकडे असे. आयबीएमने २००३ मध्ये ७२ तास साऱ्या जगातील कर्मचाऱ्यांना कंपनीच्या मूल्यांविषयी संगणकावर एकत्र बोलायला लावले. त्यात व्यवस्थापनावर सडकून टीका झाली. चर्चा मध्येच गुंडाळली मात्र नाही.

दुसरी मेख भीतीची. चार माणसांचे काम तिघांत कसे होईल हे सर्वांत चांगले कळते ते त्या चौघांनाच, आणि ते कधीही लिहून देणार नाहीत. सूचनेमुळे कोणाचीही नोकरी जाणार नाही, असे लेखी आश्वासन नसेल तर पेटीत फक्त निरुपद्रवी कल्पना पडतात. निनावी सूचना घ्यावी की नाही हा वादही याच भीतीतून निघतो. निनावी कागदाला बक्षीस देता येत नाही आणि लिहिणाऱ्याला पुढचा प्रश्नही विचारता येत नाही. योशिमुनेने तो नाकारला त्याला कारण होते. मात्र ज्या ठिकाणी सगळ्याच चिठ्ठ्या निनावी येतात, तिथे दोष चिठ्ठ्यांचा नसतो.

कर्मचाऱ्यांचा कामात जीव किती आहे हे सर्वेक्षणाने मोजण्याची प्रथा अलीकडची. ‘एंगेजमेंट’ या शब्दाला संशोधनात आजचा अर्थ दिला तो विल्यम कान यांच्या १९९० च्या लेखाने. त्याआधी शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२८ ते १९३० या काळात सुमारे २१ हजार कामगारांच्या मुलाखती झाल्या. ठरावीक प्रश्न विचारले की ठरावीक उत्तरे येतात, हे लक्षात आल्यावर मुलाखतकारांनी प्रश्न बाजूला ठेवले आणि माणसांना हवे ते बोलू दिले. वर्षातून एकदा एक ते पाचमधला आकडा निवडायला लावणारे आजचे सर्वेक्षण त्या मानाने मागेच गेले आहे, असे म्हणावे लागते.

कायदा : भारतात सूचनापेटी सक्तीची नाही. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ ने १०० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांत मालक आणि कामगार अशा दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींच्या कार्य समित्यांची तरतूद केली आणि ती औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्येही आहे. २० किंवा अधिक कामगार असतील तर तक्रार निवारण समितीही लागते. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने कामगारांच्या व्यवस्थापनातील सहभागाचे कलम ४३-क मार्गदर्शक तत्त्वांत घातले. जर्मनीत हा विषय बराच पुढे गेला आहे. तिथल्या १९७२ च्या कायद्यानुसार सूचना योजनेची तत्त्वे ठरवताना कामगारांच्या निवडून आलेल्या मंडळाची संमती लागते, आणि कर्मचाऱ्याने लावलेल्या शोधाचा मोबदला कसा द्यावा यासाठी १९५७ चा स्वतंत्र कायदा आहे. भारतीय पेटंट अधिनियम, १९७० मध्ये नोकरीत लावलेल्या शोधांसाठी असे वेगळे प्रकरण नाही. सूचना पेटंटच्या तोलाची निघाली तर तिच्यावर हक्क कोणाचा, हे नेमणूकपत्रावर सही करतानाच बहुधा ठरून गेलेले असते.