जो ओळखतो, तो आत बोलत नाही

रोगप्रतिकारक यंत्रणेतली टी पेशी दुसऱ्या पेशीला चिकटते आणि तिच्या पृष्ठभागावर मांडलेले प्रथिनांचे बारीक तुकडे चाचपते. तुकडा स्वतःचा असेल तर सोडून द्यायचं, विषाणूचा असेल तर लढाई सुरू करायची. ही पारख टी पेशीच्या पृष्ठभागावरचा रिसेप्टर, म्हणजे तुकडा धरणारा प्रथिनांचा गट, करतो. पण तुकडा आत शिरत नाही. मधे जेमतेम ४-५ नॅनोमीटर जाडीचं स्निग्ध पेशीपटल असतं. मग आत कळतं कसं?

गंमत म्हणजे रिसेप्टरमधल्या, तुकडा ओळखणाऱ्या अल्फा आणि बीटा या प्रथिनसाखळ्यांची आतली शेपटं इतकी आखूड असतात, की त्यांना निरोप देताच येत नाही. ते काम त्यांना बिलगलेल्या सीडी-३ गटातल्या सहा साखळ्यांचं. त्यांच्या शेपटांत 'आयटॅम' नावाचे १० पट्टे असतात. एलसीके हे विकर त्या पट्ट्यांतल्या टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चढवतं, तिथे झॅप-७० हे दुसरं विकर येऊन बसतं, पुढे पेशीत कॅल्शियम वाढतं आणि केंद्रकातली जनुकं जागी होतात. ज्यांच्यात झॅप-७० जन्मतःच सदोष असतं, त्या बाळांची प्रतिकारशक्ती फार दुबळी असते. एका प्रथिनावर केवढा भार असावा!

खरा पेच वेगळाच आहे. एलसीकेचा काही भाग सदैव सक्रिय असतो. मग पेशी सतत का भडकत नाही? कारण सीडी-४५ हे प्रथिन चढलेले फॉस्फेट पुसत राहतं. रिसेप्टर तुकड्याला धरतो तेव्हा दोन पेशींमधलं अंतर सुमारे १५ नॅनोमीटरवर येतं. सीडी-४५ उंच, ते त्या फटीत मावत नाही, बाजूला सरकतं. पुसणारा गेला की फॉस्फेट टिकतात. बंध जुळल्यावर बसणारा ताण हेही कारण असावं असं काही संशोधक मानतात, पण मला हे अंतराचं स्पष्टीकरण फार पटतं.

वेळेचंही महत्त्व आहेच. स्वतःचा तुकडा बहुधा क्षणात सुटतो, परका काही सेकंद धरून राहतो. सगळे टप्पे पार पडायला तेवढा अवधी लागतो. तरीही दहापेक्षाही कमी परके तुकडे टी पेशीला पुरतात.

कर्करोगावरच्या कार-टी उपचारात टी पेशींना कृत्रिम रिसेप्टर देतात; त्यासाठी सीडी-३ मधल्या झीटा साखळीचं शेपूट प्रतिपिंडाच्या लक्ष्य धरणाऱ्या टोकाला जोडतात. निरोप आत पोचतो, पण टी पेशी जागी व्हायला कर्कपेशीवरचं लक्ष्य-प्रथिन कित्येक पटींनी जास्त लागतं. म्हणून ज्या कर्कपेशींवर ते लक्ष्य विरळ असतं, त्या कधीकधी निसटतात.