शांतता समिती की मोहल्ला समिती? पोलिसांवरच्या हल्ल्यांनंतर दर वेळी राहून जाणाऱ्या प्रश्नाची पार्श्वभूमी

१७ मार्च २०२५च्या रात्री नागपूरच्या महाल भागात दगडफेक आणि जाळपोळ झाली. तीसहून अधिक पोलीस जखमी झाले. त्यांत उपायुक्त दर्जाचे अधिकारीही होते, एकावर तर कुऱ्हाडीने वार झाला. शहराच्या मोठ्या भागात संचारबंदी लागली आणि ती टप्प्याटप्प्याने उठायला जवळपास आठवडा गेला. अशा प्रसंगानंतर काय काय होते हे महाराष्ट्रात आता सगळ्यांना पाठ आहे: ज्यादा बंदोबस्त, धरपकड, नुकसानभरपाई वसूल करण्याची घोषणा आणि पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक. यातल्या पहिल्या तीन गोष्टींवर भरपूर बोलले जाते. चौथ्या गोष्टीवर कोणी बोलत नाही. प्रत्यक्षात पुढचा हल्ला होणार की नाही, हे बऱ्याच अंशी तिच्यावर ठरते.

जुना काळ थोडक्यात. मे १९३०मध्ये सोलापुरात जमाव आणि पोलीस यांच्यात संघर्ष झाला, पोलीस मारले गेले, मार्शल लॉ लागला. त्या प्रकरणात जानेवारी १९३१मध्ये चौघांना फाशी झाली आणि ते चौघे हुतात्मे झाले. तेव्हा खाकी गणवेश परक्या सरकारचा होता, त्यामुळे त्या घटनांना आजचा मापदंड लावण्यात अर्थ नाही. स्वातंत्र्यानंतर गणवेश आपला झाला, तरी वस्तीने पोलिसाशी बोलायचे कसे याची सोय मात्र गावापुरतीच राहिली. गावात पोलीस पाटील होता आणि १९६७च्या ग्राम पोलीस अधिनियमाने तो टिकला. शहरातल्या गल्लीत असा कोणी नव्हता. यंत्रमागांच्या शहरांत तर मुळीच नव्हता. तिथे दर वर्षी हजारो नवी माणसे येत, बारा-बारा तासांच्या पाळ्या करत आणि पोलिसाची गाठ बहुधा तक्रारीत किंवा झडतीतच पडे.

भिवंडी अशा शहरांपैकीच एक. मे १९७०मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी तिथे मोठी दंगल झाली. न्यायालयीन आयोगाने तिची चौकशी केली आणि पोलिसांच्या पक्षपाती वागण्यावर कडक ताशेरे ओढले. मे १९८४मध्ये पुन्हा दंगल झाली आणि ती ठाणे-मुंबईपर्यंत पसरली. दोन दंगलींमध्ये चौदा वर्षांचे अंतर होते. या चौदा वर्षांत शहरात शांतता समिती होती आणि तिच्या बैठकाही होत होत्या.

इथे शब्दांकडे थांबून पाहायला हवे, कारण सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

शांतता समिती म्हणजे काय, हे कोणत्याही पोलीस ठाण्यात गणपतीच्या आधी जाऊन बसले की कळते. मंडळांचे अध्यक्ष, मशिदीचे विश्वस्त, दोन-चार नगरसेवक, एखादा डॉक्टर, एखादा व्यापारी. चहा होतो. मिरवणुकीचा मार्ग, ध्वनिक्षेपकाची वेळ, नमाजाची वेळ यांवर चर्चा होते. वरिष्ठ अधिकारी सहकार्याचे आवाहन करतात आणि सगळे सहकार्याचे आश्वासन देतात. ही बैठक निरुपयोगी असते असे मी म्हणणार नाही, तिच्यामुळे अनेक मिरवणुका सुरळीत पार पडल्या आहेत. पण ती सण आला की भरते आणि सण गेला की विसरली जाते. तिच्यात बसणारी माणसे वस्तीची पुढारी असतात. रात्री दोन वाजता गल्लीच्या तोंडाशी जमलेल्या पोरांना नावाने हाक मारू शकणारी माणसे बहुतेक वेळा त्यांत नसतात.

१९८८मध्ये भिवंडीत आलेल्या एका पोलीस उपायुक्ताने नेमकी हीच खोट हेरली. त्याने सुरू केलेल्या रचनेला नाव मिळाले मोहल्ला समिती. वरवर पाहिले तर शब्दच बदलला होता, पण आतले जवळपास सगळेच बदलले होते. समिती शहराची न राहता मोहल्ल्याची झाली, आणि अशा सत्तरच्या आसपास समित्या उभ्या राहिल्या. सभासद दोन्ही समाजांचे. त्यांत मागावर काम करणारे, छोटे दुकानदार, शिक्षक अशी माणसे मुद्दाम घेतली आणि बड्या पुढाऱ्यांना जाणीवपूर्वक मागे ठेवले. बैठका सणापुरत्या न ठेवता वर्षभर घेतल्या. विषयही दंगलीचा नसायचा. तुंबलेले गटार, न येणारे पाणी, शेजाऱ्यांचे भांडण हे विषय. आणि माझ्या मते सगळ्यात मोठा बदल असा की, समितीचा दुवा साहेब नव्हता, बीटवरचा, म्हणजे ठरलेल्या भागात गस्त घालणारा, शिपाई होता. ज्या माणसाला वस्ती फक्त काठीसकट ओळखत होती, त्याला ती आता नावाने ओळखू लागली, आणि तोही वस्तीला.

हा फरक बारीक वाटेल. पण जमाव चिडतो तेव्हा पहिला दगड ज्याच्या दिशेने येतो तो शिपाईच असतो. उपायुक्ताच्या गाडीपर्यंत दगड नंतर पोहोचतो. म्हणून शिपाई आणि गल्ली यांच्यातली ओळख म्हणजे गल्लीच्या सुरक्षेइतकीच शिपायाच्या सुरक्षेचीही बाब आहे. शांतता समितीने ती ओळख कधी घडवली नाही, कारण त्या बैठकीत शिपाई दाराशी उभा असतो.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३मध्ये शेजारची मुंबई पेटली, नंतरच्या चौकशीत सुमारे ९०० मृत्यूंची नोंद झाली. भिवंडी शांत राहिली. प्रयोग सुरू करणारा अधिकारी तोवर बदलून गेला होता, पण त्याच्या जागी आलेल्याने समित्या मोडल्या नाहीत. भिवंडीच्या शांततेचे सगळे श्रेय समित्यांना द्यावे का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. काही जण १९८४च्या जखमा आणि यंत्रमाग धंद्यातले दोन्ही समाजांचे परस्परावलंबन पुढे करतात. तो धंदा १९८४मध्येही होताच, हे मात्र विसरता येत नाही.

मुंबईने दंगलीनंतर हे नाव उचलले. निवृत्त पोलीस अधिकारी, सामाजिक कार्यकर्ते आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त यांनी मिळून शहरात मोहल्ला समित्यांची चळवळ उभी केली. संवेदनशील वस्त्यांत काम झाले, पोलीस आणि तरुण यांच्यात क्रिकेटचे सामने झाले, अनेक अफवा वेळीच विझल्या. हे काम मोलाचे आहे, पण ती भिवंडीची रचना नव्हती. मुंबईत पुढाकार नागरिकांचा होता आणि पोलीस सोबतीला होते. भिवंडीत पुढाकार पोलिसांचा होता आणि तो बीटच्या कामाचा भाग होता. पुढे काही शहरांत जुन्या शांतता समितीलाच मोहल्ला समिती म्हणू लागले. एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी आल्या. त्यामुळे एखादा मंत्री 'मोहल्ला समित्या सक्रिय करा' म्हणतो, तेव्हा खालच्या अधिकाऱ्याला हवा तो अर्थ घेता येतो. सर्वांत सोपा अर्थ घेतला जातो, म्हणजे चहा आणि आवाहन.

५ जुलै २००६ रोजी भिवंडीत याची परीक्षा झाली. कोटरगेट भागात नव्या पोलीस ठाण्याचे बांधकाम सुरू होते. जागा कब्रस्तानाला लागून होती आणि ती कब्रस्तानाचीच असल्याचा एका बाजूचा दावा होता. पोलिसांना तो मान्य नव्हता. आंदोलन चिघळले, गोळीबार झाला आणि त्यात दोघांचा मृत्यू झाला. त्याच रात्री जमावाने दोन पोलिसांना ठार केले आणि त्यांचे मृतदेह जाळले. बसगाड्या पेटवल्या गेल्या.

शहरात पोलीस ठाणे वाढावे याला कोणाचा तात्त्विक विरोध असण्याचे कारण नव्हते. वाद होता तो जागेचा. जागेचे वाद मोहल्ल्यात आधी कुजबुजीत ऐकू येतात, मग पत्रकात आणि शेवटी रस्त्यावर. पहिल्या टप्प्यावर ते ऐकण्यासाठीच तर समित्या होत्या. तोवर त्या कागदावर उरल्या होत्या, अशी टीका तेव्हाच झाली. अधिकारी बदलत गेले आणि बैठका सणांपुरत्या उरल्या. मोहल्ला समिती हळूहळू शांतता समितीसारखी झाली, नाव तेवढे राहिले. दोन पोलिसांच्या हत्येचे समर्थन कोणत्याही जागेच्या वादाने होत नाही, होऊ शकत नाही. पण त्या रात्री रस्त्यावर असलेल्या शिपायांना वस्तीच्या ओळखीचे जे कवच १९९२मध्ये होते, ते २००६मध्ये का नव्हते, हा प्रश्न विचारायलाच हवा होता.

तो विचारला गेला नाही, कारण सहाच दिवसांनी, ११ जुलैला, मुंबईच्या लोकलगाड्यांमध्ये बॉम्बस्फोट झाले. ८ सप्टेंबरला मालेगावात स्फोट झाले. राज्याचे सगळे लक्ष दहशतवादाकडे वळले आणि भिवंडीची चर्चा तिथेच थांबली.

वर्षभराने, १५ ऑगस्ट २००७ रोजी, राज्याने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. गावातला तंटा गावातच मिटवायचा, समिती ग्रामसभेने निवडायची, पोलीस ठाण्याने तंट्यांची नोंद ठेवायची आणि तंटामुक्त गावाला बक्षीस द्यायचे. मोहिमेवर आक्षेप होते. दबावाने मिटवलेले तंटे, बक्षिसासाठी झाकलेले तंटे, दोन्ही घडले. तरी पोलीस आणि वस्ती यांना वर्षभर एका कामात बांधण्याची कल्पना भिवंडीच्या जवळची होती. ती गावांना मिळाली. ज्या शहरांत पोलिसांवर हल्ले होत होते, त्यांना मिळाली नाही. हा निर्णय मला आजही कळत नाही.

११ ऑगस्ट २०१२ रोजी मुंबईच्या आझाद मैदानात निषेध सभा हिंसक झाली. दोघांचा मृत्यू झाला, पन्नासहून अधिक जखमी झाले आणि त्यांत बहुसंख्य पोलीस होते. महिला पोलिसांशी जमावाने अभद्र वर्तन केले, वाहने जाळली. आयुक्तांनी संयम ठेवून मोठी जीवितहानी टाळली असे काहींचे म्हणणे होते. त्याच संयमाने पोलिसांचे मनोधैर्य खचले असे इतरांचे. काही दिवसांतच आयुक्त बदलले गेले. वाद आयुक्तांच्या निर्णयाभोवतीच फिरला. सभेला येणाऱ्या गर्दीचा आणि तिच्यातल्या रागाचा अंदाज वस्त्यांमधून आधी का आला नाही, हा मुद्दा बाजूला राहिला.

त्यानंतरचा काळ कायद्याचा. ऑगस्ट २०१६मध्ये मुंबईत खार भागात हेल्मेट नसलेल्या अल्पवयीन दुचाकीस्वाराला अडवणाऱ्या वाहतूक पोलिसावर बांबूने हल्ला झाला आणि काही दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. संताप उसळला, तो रास्तच होता. २०१८पासून राज्यात भारतीय दंड संहितेच्या कलम ३५३ची कमाल शिक्षा दोनवरून पाच वर्षे झाली. बातम्यांत या कलमाला सर्रास 'सरकारी कामात अडथळा' म्हणतात. अडथळ्याचे कलम वेगळे होते, १८६, आणि त्याला तीन महिन्यांची शिक्षा होती. ३५३ हे लोकसेवकावर हल्ल्याचे किंवा बळाच्या वापराचे कलम. या सरमिसळीमुळे आंदोलकांना आणि तलाठ्याशी हुज्जत घालणाऱ्यालाही '३५३ लागला', आणि खरा हल्ला त्या ढिगात हरवला. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम १३२मध्ये कमाल शिक्षा पुन्हा दोन वर्षे आहे. दुखापत केली तर कलम १२१ आणि शिक्षा जास्त.

कडक कलम हवे, हे मला मान्य आहे. पण ते दगड सुटल्यावर कामाला येते. २०२०च्या टाळेबंदीत राज्यभर पोलिसांवर हल्ल्यांचे गुन्हे नोंदले गेले. त्याच दिवसांत अनेक गल्ल्यांत तरुण पोलिसांच्या बरोबरीने नाकाबंदीला उभे राहिले आणि शिधा वाटत फिरले. ठाणे अंमलदारांकडे त्यांचे फोन नंबर होते. साथ ओसरल्यावर ती यादी कोणी जपली असेल तर ते ठाणे भाग्यवान.

२०२१च्या नोव्हेंबरात अमरावती, मालेगाव, नांदेड, मार्च २०२३मध्ये छत्रपती संभाजीनगरचा किराडपुरा, मग नागपूर. यादी वाढत गेली. नागपुरात हिंसाचारानंतर आरोपीचे घर पाडण्यात आले आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला अशा कारवाईला स्थगिती द्यावी लागली. चर्चेची सगळी जागा त्या बुलडोझरने व्यापली.

याच वर्षांत दुसरेही काही घडत होते, आणि त्याला फार मोठे मथळे मिळाले नाहीत. २०२३मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला, आली. पोलिसांवर ताण येऊ नये आणि दोन मिरवणुका समोरासमोर येऊ नयेत म्हणून मुंबईतल्या मुस्लिम समाजाच्या प्रतिनिधींनी जुलूस स्वतःहून २९ तारखेला नेला. मग सरकारने सुट्टीही बदलली. २०२४मध्ये ईद १६ सप्टेंबरला आणि विसर्जन १७ला होते, जुलूस १८ तारखेला ठेवला. २०२५मध्ये ईद ५ सप्टेंबरला होती, विसर्जन ६ला, जुलूस ८ तारखेला ठरला. तीन वर्षे सलग, सण यायच्या बऱ्याच आधी बसून, कोणाच्या अंगावर दगड पडायच्या आत.