शेडचं कोटेशन: किलोचा दर आणि स्क्वेअर फुटाचा दर

एकाच शेडची दोन कोटेशन हातात येतात. एका फॅब्रिकेटरने (लोखंडी शेड बनवून उभी करणाऱ्याने) लिहिलेलं असतं, स्ट्रक्चर किलोला १०५ रुपये, पत्रा वेगळा. दुसरा म्हणतो, पत्र्यासकट स्क्वेअर फुटाला ४६० रुपये. (दर उदाहरणापुरते घेतले आहेत, लोखंडाचा भाव दर आठवड्याला हलतो.) बहुतेक जण एकूण रक्कम बघून कमी वाटेल त्याला काम देतात आणि तिथेच फसतात. हे दोन दर दोन वेगळ्या गोष्टींचे आहेत. किलोच्या दरात तुम्ही लोखंड विकत घेता, स्क्वेअर फुटाच्या दरात झाकलेली जागा. त्या जागेवर किती लोखंड उभं राहणार, हे दुसऱ्या दरात कुठेच लिहिलेलं नसतं.

४० बाय ६० फुटांची, २० फूट उंचीची, चारही बाजूंनी पत्रा मारलेली शेड घेऊ. जमिनीवरचं क्षेत्र २४०० स्क्वेअर फूट. १० फुटाला १ फूट उतार धरला तर छपराचा पत्रा साधारण २४१२, चार भिंतींचा ४०००, आखूड भिंतींवर छपराखाली उरणाऱ्या दोन त्रिकोणांचा ८०. म्हणजे पत्रा जवळपास ६५०० स्क्वेअर फूट लागतो. म्हणून स्क्वेअर फुटाचा दर ऐकला की पहिला प्रश्न: कशाचा स्क्वेअर फूट? प्लिंथचा (म्हणजे जमिनीवरच्या क्षेत्राचा), छपराचा, की सगळ्या पत्र्याचा? हे लेखी घेतलं नाही, तर बिलाच्या वेळी मोजमाप बदलतं.

आता ४६०चा दर उलटा उकलून बघा. प्लिंथवर धरला तर २४०० गुणिले ४६० म्हणजे ११,०४,००० रुपये. पत्रा बसवण्यासकट ६० रुपये फूट धरला तर ६५०० फुटांचे ३,९०,०००. उरले ७,१४,०००. ते १०५ ने भागले की येतात ६८०० किलो. किलोवाल्याच्या ड्रॉइंगमध्ये वजन ९६०० किलो असेल, तर २८०० किलो लोखंड कुठे गेलं, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

स्क्वेअर फुटवाल्याचं उत्तर प्रामाणिक असू शकतं. प्री-इंजिनिअर्ड पद्धतीत (भाग कारखान्यात डिझाइनप्रमाणे बनवून साइटवर जोडतात) ३४५ मेगापास्कल ताकदीची प्लेट वापरतात आणि जिथे ताण जास्त तिथे सेक्शन खोल, जिथे कमी तिथे निमुळता ठेवतात. साध्या २५० मेगापास्कलच्या सेक्शनपेक्षा वजन खरोखरच कमी बसतं. पण मग त्याच्याकडे आयएस ८०० (पोलादी बांधकामाचं भारतीय मानक) प्रमाणे केलेलं डिझाइन आणि इंजिनिअरच्या सहीचं ड्रॉइंग असायला हवं. ते नसेल, तर वजन बहुतेक वेळा तीन ठिकाणी गेलेलं असतं.

पहिलं पाइपच्या जाडीत. १०० बाय १०० चा चौकोनी पाइप ४ मिमी जाडीचा असेल तर मीटरला सुमारे ११.७ किलो भरतो, ३ मिमीचा असेल तर ९. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, रंग मारल्यावर तर फरक कळतच नाही. ६ मीटरची एक नळी काट्यावर टाका: ७० किलो भरली तर ४ मिमीची, ५४ भरली तर ३ मिमीची. जाडी मोजायला व्हर्नियर लावायचा असेल तर कापलेल्या तोंडाची बर (कापताना उठलेली कड) घासून घ्या, नाहीतर जाडी जास्त दिसते.

दुसरं पर्लिनच्या, म्हणजे छपराचा पत्रा ज्यांवर बसतो त्या आडव्या पट्ट्यांच्या, अंतरात. उताराची एक बाजू २० फूट आहे. चार-चार फुटांवर पर्लिन घेतल्या तर सहा ओळी होतात. अंतर पावणेसातपर्यंत ताणलं की चारच. पत्रा बसवणारा माणूस वर चालला की पत्रा दबतो, स्क्रूची भोकं सैल होतात आणि पहिल्या पावसात गळती सुरू होते.

तिसरं ब्रेसिंगमध्ये. टोकाच्या गाळ्यातले (दोन कॉलममधल्या जागेतले) तिरपे रॉड किंवा अँगल उभे राहिल्यावर कुणाच्या नजरेत भरत नाहीत, म्हणून सर्वात आधी तेच गाळले जातात. वारा मात्र त्यांच्याच भरवशावर अडतो. आयएस ८७५ (इमारतींवरच्या भारांचं भारतीय मानक) च्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, मुंबई आणि नागपूरसाठी ४४ मीटर आहे. दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे इतर सगळं सारखं असेल तर ४४ च्या ठिकाणी तो २७ टक्के जास्त. पुण्यातल्या शेडचं ड्रॉइंग नागपुरात जसंच्या तसं उभं करायचं नसतं.

मग किलोचा दर सुरक्षित का? तोही नाही, त्याची ओढ फक्त उलट्या दिशेला असते. जितकं वजन जास्त तितकं बिल मोठं, म्हणून ४ मिमी पुरत असताना ५ मिमी येतो. वजन कशावर धरायचं यावरूनही भांडण होतं. ट्रक काट्यावर भरून आला, रिकामा परत गेला आणि तो फरक बिलात लागला, तर कापाकापीत उरलेल्या तुकड्यांचेही पैसे तुम्ही देता आणि ते तुकडे फॅब्रिकेटरच्या टेम्पोत जातात. म्हणून बिल ड्रॉइंगवरून काढलेल्या निव्वळ वजनावर ठरवा. काट्याची पावती फक्त पडताळणीला ठेवा. गसेट आणि क्लीट (जोडाच्या छोट्या प्लेटा आणि अँगल), कॉलमखालची बेस प्लेट, बोल्ट, वेल्डिंग रॉड, प्रायमर, रंगाचे हात यांतलं दरात काय धरलंय, तेही नाव घेऊन लिहा.

पत्र्याच्या जाडीतही असाच घोळ आहे. ०.५० मिमी टीसीटी म्हणजे रंग आणि कोटिंग धरून जाडी. निव्वळ पोलाद, म्हणजे बीएमटी, ०.४५ च्या आसपासच असतं. एकाने टीसीटी आणि दुसऱ्याने बीएमटी लिहिलं असेल, तर ती तुलनाच नाही.

आमचं स्पष्ट मत: कोटेशन मागवण्याआधी तटस्थ स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून ड्रॉइंग आणि वजनाचा तक्ता करून घ्या, आणि तोच कागद सगळ्या फॅब्रिकेटरना द्या. करार किलोच्या दराने करा, पण कमाल वजन घालून: प्रत्यक्ष बसवलेल्या निव्वळ वजनाचे पैसे मिळतील, तक्त्यापेक्षा २-३ टक्क्यांच्या वर एक किलोचेही नाहीत. पत्र्याचा दर बसवलेल्या क्षेत्रावर वेगळा ठेवा, कारण पत्रे एकमेकांवर चढतात आणि विकत घेतलेलं क्षेत्र झाकलेल्यापेक्षा जास्त असतं.

बजेटमध्ये या दोन्ही दरांबाहेरचं बरंच काही असतं. फुटिंग आणि फाउंडेशन बोल्ट, प्लिंथची भर, काँक्रीटची फरशी, गटर आणि खाली येणारे पाइप, रोलिंग शटर, हायड्रा क्रेनचं भाडं, साइटवरची वीज. काळ्या मातीत मुरूम लागेपर्यंत खोदावं लागतं, तिथे पायाचा खर्च अंदाजाच्या बाहेर जातो. म्हणून दोन ठिकाणी खड्डा घेऊन जमीन आधी बघा. वर १८ टक्के जीएसटी. स्वतःच्या वापराच्या इमारतीवर त्याचं इनपुट क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) सहसा मिळत नाही, म्हणून तो खर्चातच धरा आणि सीएला विचारून घ्या.

फॅब्रिकेटर निवडताना त्याचे फोटो बघण्यापेक्षा तीन पावसाळे काढलेली त्याची एखादी शेड बघून या. कॉलमच्या पायाशी गंज चढलाय का, बेस प्लेटखाली ग्राउट (फट भरणारा सिमेंटचा मसाला) आहे का, गटरच्या सांध्याखाली भिंतीवर ओघळ आहेत का. त्याच्या माणसांचा विमा आणि उंचीवर चढताना वापरायचे पट्टे आहेत का, हेही विचारा. पत्रा मारताना माणसं खाली पडतात, आणि तिथे काटकसर करणाऱ्याला काम देऊ नका.

पैसे टप्प्याने द्या: थोडा आगाऊ, मग माल साइटवर तपासल्यावर, उभारणीनंतर, पत्रा झाल्यावर. शेवटचे ५ ते १० टक्के पहिला पावसाळा संपेपर्यंत अडवून ठेवायचे, आणि ते करारात आधीच लिहायचं. जोराचा पाऊस पडला की आत उभं राहून स्क्रूंच्या ओळी बघा. रबरी वॉशर पत्र्यावर बसून कडेने जेमतेम फुगलेला दिसला तर बरोबर; चिरडून बाहेर आलेला असेल तर ड्रिल जास्त दाबलंय, आणि आज गळत नसलं तरी तो स्क्रू रक्कम सोडण्याआधी बदलून घ्या.