खेळण्यांच्या दुकानात रमणारी मोठी माणसं (पुणे)

मोठ्या माणसाने मुलांच्या निमित्ताने किंवा अगदी एकट्यानेच खेळण्यांच्या मोठ्या दुकानात शिरायचं आणि काही घ्यायचं नसलं तरी तासभर तिथेच रेंगाळायचं, त्याबद्दलची ही नोंद. पुण्यात हे बघायचं तर एक तुळशीबाग आणि दुसरी मॉलमधली मोठाली दुकानं.

मोठ्यांना तिथे धरून ठेवतो तो नॉस्टॅल्जिया, आणि हे मुळात एका आजाराचं नाव होतं. १६८८ मध्ये योहानेस होफर नावाच्या डॉक्टरीच्या विद्यार्थ्याने ग्रीकमधले "घरी परतणं" आणि "वेदना" हे दोन शब्द जोडून ते तयार केलं, घरापासून लांब राहून झुरणाऱ्या स्विस लोकांसाठी. मराठीत आपण स्मरणरंजन म्हणतो, त्यात वेदना नाहीच, नुसतं रंजन. पण मला वाटतं खेळण्यांच्या दुकानात दोन्ही लागतं, म्हणजे आपल्याकडे जे होतं ते दिसलं की रंजन, आणि हट्ट करूनही जे मिळालं नव्हतं ते समोर आलं की ती दुसरी गोष्ट.

तुळशीबाग म्हणजे पेशवाईत नारो आप्पाजी खिरे यांनी बांधलेलं राममंदिर आणि त्याच्याभोवती वाढलेला बाजार. इथली भातुकली प्रसिद्ध आहे, पितळेची, तांब्याची, स्टीलची, लाकडाची. चूल, पाटा-वरवंटा, जातं, खलबत्ता, सोऱ्या, बंब, सगळं तळहातावर मावेल एवढं. आता गंमत अशी की ही खेळणी जेव्हा घडवायला लागले तेव्हा ती घरातल्या खऱ्या वस्तूंची नक्कल होती, पण त्या खऱ्या वस्तू फ्लॅटमधून कधीच गेल्या, गॅस आला, मिक्सर आला, गीझर आला, आणि राहिली ती फक्त नक्कल. म्हणून साठीची बाई तो एवढासा बंब हातात घेते तेव्हा तिला नुसती भातुकली आठवत नाही, वाड्यातलं न्हाणीघर आठवतं, पहाटे बंबात घालायच्या ढलप्या आठवतात, धूर आठवतो. एवढं सगळं एका बोटभर खेळण्यात दुसरीकडे कुठे मिळतं मला माहीत नाही.

मॉलमधली गोष्ट वेगळी. हॅम्लेज हे लंडनचं दुकान १७६० सालचं, भारतात आलं २०१० मध्ये आणि २०१९ मध्ये रिलायन्सने ती कंपनीच विकत घेतली. तिथे खेळणी काचेआड नसतात, दुकानात काम करणारी मुलं-मुली ती चालवून, उडवून दाखवतात, त्यामुळे आई-बाबाही हात लावून बघतात. ऐंशी-नव्वदच्या दशकात वाढलेल्यांपैकी कित्येकांसाठी लेगो म्हणजे अमेरिकेहून येणाऱ्या मामाच्या बॅगेतली वस्तू, एरवी आपलं मेकॅनिक्स, त्या लोखंडी पट्ट्या, नटबोल्ट आणि हरवलेला पाना. लेगोचा आजचा ठोकळा १९५८ च्या ठोकळ्यातही घट्ट बसतो, म्हणजे तेव्हा राहून गेलेला खेळ चाळिशीत पुढे चालू करता येतो, आणि लोक करतातही! हॉट व्हील्सच्या गाड्यांचंही तेच, ऑफिस सुटल्यावर रॅकवरची एकेक गाडी मागेपुढे करून हवी ती शोधणारे बाबा लोक तिथे असतातच.

वासाचाही भाग मोठा आहे. नव्या प्लास्टिकचा, रबरी बॉलचा, पुठ्ठ्याच्या खोक्याचा वास. मेंदूत वासाची वाट भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांना अगदी जवळून जोडलेली असते, त्यामुळे नाव आठवायच्या आधीच घशाशी काहीतरी येतं.

जे ह्या दोन्हीकडे सहसा सापडत नाही ते म्हणजे जत्रेतलं खेळणं. नवरात्रात चतुःशृंगीच्या जत्रेत मिळायची ती पत्र्याची बोट, आत छोटी वात पेटवली की पाण्याची वाफ होऊन मागच्या नळ्यांतून पाणी ढकललं जायचं आणि बोट टकटक करत घमेल्यात गोल फिरायची. भिरभिरं, टिकटिकी, पिपाणी पण त्यातलीच. कोथरूडमधलं जोशी यांचं छोट्या रेल्वेचं म्युझियम दुकान नाही, १९९८ पासून आहे, पण चालत्या गाड्यांसमोर मोठ्यांचे चेहरे तसेच होतात, म्हणून इथे उल्लेख.

तुळशीबागेत जायचं तर शनिवार-रविवार टाळा, लक्ष्मी रोडपासूनच चालता येत नाही. आणि आईला किंवा आजीला बरोबर न्या, कारण भातुकलीच्या पितळी डब्यातल्या निम्म्या वस्तू कशासाठी होत्या ते आपल्याला ओळखताच येत नाही.