मोठा मायनस नंबर: लेसरला नाही म्हणतात, मग आयसीएल आलं कुठून?

मायनस १० किंवा १२ नंबर घेऊन चष्मा घालवायच्या लेसरला गेलं की डॉक्टर बऱ्याचदा रिपोर्ट बघून नाही म्हणतात आणि आयसीएल, म्हणजे आपली लेन्स न काढता आत बसवायची जास्तीची लेन्स, सुचवतात, की मग घरात सुरू, डोळ्यात लेन्स बसवायची हे काय नवीन खूळ. नवीन कसलं, लेसरच्या कितीतरी आधीचं आहे.

१८९० च्या आसपास ऑस्ट्रियात फुकाला नावाचे डॉक्टर मोतीबिंदू नसतानाही डोळ्यातली चांगली लेन्सच काढून टाकायचे. नंबर प्रचंड असेल तर गणित जमायचं, चष्मा जवळपास सुटायचा. पण असा डोळा मुळात लांबट, पडदा आधीच ताणलेला, तो पुढे काही जणांचा सुटायचा आणि होती ती नजरही जायची. मागे पडलं ते.

मग जपानमध्ये डॉक्टर सातो. त्यांनी कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेला, आतल्या बाजूनेही चिरा दिल्या, नंबर उतरला, सगळे खूश. कॉर्नियाच्या मागे पेशींचा एकच पातळ थर असतो, तो कॉर्नियातलं पाणी सतत बाहेर काढतो आणि एकदा गेला की परत येत नाही, हे तेव्हा कुणाला नीट माहीतच नव्हतं. बऱ्याच वर्षांनी त्या पेशंटचे कॉर्निया सुजून धुरकट झाले. माझ्या मते पुढचा सगळा इतिहास या एका थरानेच ठरवला, कारण १९५३ मध्ये इटलीत स्ट्राम्पेली यांनी बाहुलीच्या पुढे लेन्स बसवली तीही याच थराला नडली, आणि स्पेनच्या बाराकेर यांना तर बसवलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लेन्स परत काढाव्या लागल्या.

लेसर आलं ते १९८१ नंतर. आयबीएम कंपनीत मूळचे चेन्नईचे रंगस्वामी श्रीनिवासन, त्यांनी सणाच्या जेवणातली उरलेली टर्की लॅबमध्ये नेली आणि एक्झायमर लेसरने कापून बघितली, कडेला जळल्याची खूणसुद्धा नाही! १९९० च्या सुमारास लॅसिक आलं, कॉर्नियाची वरची झडप उचलायची आणि खालचा भाग लेसरने घासायचा. पण कॉर्निया असतो साधारण ५४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड, एका नंबरला १२ ते १५ मायक्रॉन घासले जातात, वरची झडप १०० च्या पुढे, आणि खाली निदान २५० ते ३०० उरायलाच हवेत. १२ नंबरला करा हिशोब, खाली जेमतेम तेवढंच उरतं, म्हणजे डॉक्टर नाही का म्हणतात ते कळेल.

म्हणून परत लेन्स. १९८६ मध्ये मॉस्कोच्या फ्योदोरोव यांनी ती बाहुलीच्या मागे सरकवली, त्या थरापासून लांब, आणि आयसीएल त्यातूनच पुढे आलं. तिथे अडचण वेगळी, आतलं पाणी पुढे यायला अडायचं म्हणून आधी आयरिसला, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत भागाला, लेसरने भोकं पाडावी लागायची, आणि काहींना मोतीबिंदूही व्हायचा. आता लेन्सच्याच मधोमध ०.३६ मिलिमीटरचं भोक असतं, त्याने दोन्ही त्रास खूप कमी झाले. डोळ्याची लांबी मात्र यातल्या कशानेच कमी होत नाही, त्यामुळे थेंब टाकून पडदा तपासणं आयसीएलनंतरही चालूच ठेवायचं, आणि चष्मा सुटलेली मंडळी नेमकं तेच टाळतात.