जेवताना सुजतं का?

जबड्याखाली गाठ लागली तर आधी एक गोष्ट बघा, ती जेवताना सुजते का. चिंचेचं नुसतं नाव काढलं तरी तोंडाला पाणी सुटतं, आणि लाळेच्या नळीत खडा अडकला असेल तर त्या पाण्याला बाहेर यायला वाटच नसते, मग जबड्याखाली टम्म फुगतं, ठणकतं आणि जेवण झालं की हळूहळू उतरतं. लाळेचे ८० टक्क्यांच्या आसपास खडे याच, जबड्याखालच्या लाळग्रंथीत होतात, कारण इथली लाळ घट्ट, कॅल्शियम जास्त, नळी ५ सेंटीमीटरच्या आसपास लांब आणि त्यात लाळेला खालून वर चढायचं असतं.

म्हणून इथे काही कडक लागलं की डॉक्टरांना आधी खडाच आठवतो, आणि बऱ्याचदा असतोही. पण फार क्वचित तिथे श्वानोमा निघतो. नसेवर वायरच्या प्लास्टिकसारखं आवरण असतं, ते बनवणाऱ्या पेशींची ही गाठ, १९व्या शतकातले जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर श्वान यांच्यावरून नाव पडलं. बहुतेक वेळा कॅन्सर नसतो, वर्षानुवर्षं हळूहळू वाढते, आणि जेवणाआधी जेवढी तेवढीच जेवणानंतर. मात्र ती लाळेच्या नळीवर दाबली तर जेवताना सूजही येऊ शकते, इथेच फसायला होतं.

सोनोग्राफीत खडा पांढरा चमकतो आणि त्याच्यामागे काळी सावली पडते. श्वानोमा काळपट, गुळगुळीत कडेचा, सावली नाही. पण जुन्या श्वानोमात कधी कॅल्शियम साठतं, मग तोही खड्यासारखा दिसू शकतो. सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासलं तरी बऱ्याचदा त्या पुरेशा येत नाहीत, आणि नक्की काय ते गाठ काढून मायक्रोस्कोपखाली बघितल्यावरच कळतं.

तरीही ऑपरेशनच्या आधी शंका यायलाच हवी असं मला मनापासून वाटतं, सोनोग्राफीत खडा दिसत नसेल तर एमआरआयबद्दल जरूर विचारा. कारण जिभेला संवेदना देणारी नस या नळीला खालून वळसा घालून जाते, आणि गाठ त्याच नसेची असेल तर तिचे चांगले तंतू गाठीच्या पृष्ठभागावर पातळ पसरलेले असतात. सर्जनला आधीच अंदाज असेल तर तो त्या तंतूंच्या दिशेनेच आवरणाला उभा छेद देतो आणि मटार सोलल्यासारखी गाठ आतून अलगद बाहेर काढायचा प्रयत्न करतो. खडा समजून सरसकट कापलं आणि नस तुटली तर तेवढ्या बाजूची जीभ बधिर होते, तिकडून घास गरम आहे की गार तेही कळत नाही.