अँप कोणत्या सुरात घोंघावतो?

सांगलीच्या विश्रामबागेत आमच्या शेजारच्या पोराने गिटारसाठी घरीच अँप, म्हणजे आवाज मोठा करणारा अँप्लिफायर, जोडला. फरसाणाच्या रिकाम्या डब्यात १२-०-१२ चा (मधल्या टॅपच्या दोन्ही बाजूंना १२-१२ व्होल्ट देणारा) ट्रान्सफॉर्मर, एसीचा डीसी करणारा डायोडचा ब्रिज, तो डीसी सपाट करणारे दोन फिल्टर कंडेन्सर आणि आवाज वाढवणारी टीडीए२०३० ही आयसी. दहाव्या मिनिटाला एक कंडेन्सर फट्ट करून उडाला. "काका, ट्रान्सफॉर्मर बाराचा, कंडेन्सर सोळाचा. मग उडाला कसा?"

ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले १२ व्होल्ट हे एसीचे सरासरीसारखे मूल्य असते. कंडेन्सर मात्र लाटेच्या शेंड्यापर्यंत भरतो, म्हणजे १.४१ पट, सुमारे १७ व्होल्ट. डायोड त्यातला जेमतेम एक व्होल्ट खातो. शिवाय लहान ट्रान्सफॉर्मर, लोड नसला की, लिहिल्यापेक्षा जास्तच देतो. मीटर लावला तर १७.८ निघाले. टीडीए२०३० ची कमाल मर्यादा ±१८ व्होल्ट, म्हणजे आयसीही काठावरच उभी होती. ट्रान्सफॉर्मर ९-०-९ चा आणला, कंडेन्सर २५ व्होल्टचे. या वेळी पहिल्यांदा चालू करताना फेजमध्ये ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब सिरीजला घातला. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक, भगभगत राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट. डबा पत्र्याचा, म्हणून त्याला थ्री-पिनची अर्थिंगची वायर जोडली आणि फ्यूजही घातला. यात काटकसर नको.

आता उडालं काही नाही, पण स्पीकर घोंघावत होता.

इथे मीटरच्या आधी कान वापरावा. शेजारच्या मिरजेत तंबोऱ्याची जवारी (तारेची झंकारणारी झर्र) कानानेच लावतात, आपल्याला तर फक्त एक सूर ओळखायचाय. गिटार सुरात असेल तर सर्वांत जाड तारेचा तिसरा फ्रेट ९८ हर्ट्झला वाजतो. आपली वीज ५० हर्ट्झची. ब्रिजमधून गेल्यावर लाटेचे दोन्ही अर्ध एकाच दिशेला येतात आणि गुणगुण १०० ची होते. घोंघाट त्या फ्रेटशी जुळला तर तो ब्रिजच्या पुढचा. त्याच्या एक सप्तक खाली असेल तर ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र इनपुटच्या वायरीत शिरतंय, किंवा ब्रिजमधला एखादा डायोड उघडा पडलाय.

पोराचा घोंघाट फ्रेटशी जवळपास जुळला, वर जवारीसारखी झर्र. व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी तसाच. त्याने लगेच १००० चे कंडेन्सर काढून ४७०० मायक्रोफॅरडचे घातले. सगळे हेच करतात. झर्र वाढली!

कारण अँप गप्प असताना जेमतेम ५० मिलिअँपियर ओढतो. तेवढ्याला १००० पुरतात. कंडेन्सर सेकंदाला शंभर वेळा, लाटेच्या शेंड्याशी, एका घोटात भरतो. त्या क्षणी करंट सहज अर्ध्या अँपियरवर जातो. कंडेन्सर मोठा केला की घोट आणखी आखूड आणि जोरकस. पोराने इनपुटची ग्राउंड वायर नेमकी ट्रान्सफॉर्मरचा मधला टॅप आणि कंडेन्सर यांच्यामधल्या तुकड्यावर सोल्डर केली होती. त्या तुकड्याचा रोध ५ मिलिओहम धरा: अर्धा अँपियर गुणिले ५, म्हणजे अडीच मिलिव्होल्टचा धक्का, सेकंदाला शंभर वेळा. आयसी तो तीसेक पटीने वाढवून स्पीकरला देते. सर्किट डायग्राममध्ये ग्राउंड म्हणजे सगळीकडे शून्य. डब्यात मात्र ती तांब्याची वायर असते, आणि वायरीला रोध असतो.

प्लग काढला, कंडेन्सर रोधातून रिकामे केले आणि ती वायर चार बोटं सरकवून दोन्ही कंडेन्सर जिथे एकत्र येतात त्याच्या पलीकडे, आयसीच्या बाजूला जोडली. झर्र गेली. १००० चेच कंडेन्सर परत घातले.

व्हॉल्यूम वाढवल्यावर एक बारीक हुंकार अजून येत होता, सप्तकभर खालचा. पोराने गिटारसह खुर्ची खिडकीकडे वळवली, तसा तो विरला. तो हुंकार गिटारच्या सिंगल-कॉइल पिकअपचा (तारांची थरथर टिपणाऱ्या एकेरी कॉइलचा), त्यासाठी डबा उघडायचं कारण नव्हतं.